जुन्या फोर बाय फोर जीपच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग घरी कसे बदलावे : खाऱ्या पाण्यातल्या गाड्यांसाठी सविस्तर माहिती

अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत जुन्या महिंद्रा जीप आजही कामावर आहेत. कोणाची एमएम ५४०, कोणाची मेजर, कोणाची कमांडर. बंदरावरून मासळीचे टप काढायचे, बोटींना बर्फ पोचवायचा, वाडीतले नारळ-सुपारी बाजारात न्यायचे, पावसात खारेपाटातल्या चिखलातून खताच्या गोणी शेतापर्यंत न्यायच्या. असल्या कामात नवी कोरी गाडी कोणी घालत नाही. या गाड्यांची इंजिने नीट तेलपाणी केले तर वर्षानुवर्षे कुरकुरत नाहीत. पण पुढच्या चाकाचे बेअरिंग, ज्याला आपल्याकडे सर्रास 'बायरिंग' म्हणतात, ते इथे लवकर जाते. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी त्याचा संबंध कमी आणि खाऱ्या पाण्याशी जास्त.

बेअरिंग गेले तर आधी नुसता घर्रर्र आवाज येतो. मग चाक डुगडुगते. तरी गाडी पळवत राहिले तर हब तापतो, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटतो आणि शेवटी ड्रमसकट चाक निखळू शकते. ब्रेक त्याच ड्रममध्ये असल्याने त्या चाकाचा ब्रेकही त्याच क्षणी जातो. अलिबाग-मुरूड रस्त्याची वळणे आणि उतार ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. गाडीत मासळीऐवजी माणसे असली तर विचारच करायचा.

काम अवघड नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे काम दोन माणसे एका दिवसात उरकतात. मात्र त्यात तीन-चार जागा अशा आहेत की तिथे घाई केली तर नवे बेअरिंगही एका हंगामात जाते.

दोन बेअरिंग, तोंडे एकमेकांविरुद्ध

महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. ज्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते तोच हा माझगावचा परिसर. जुन्या महिंद्रा जीपच्या पुढच्या ॲक्सलची घडण त्या विलिजच्या वाटेनेच आलेली आहे. त्यामुळे हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. टेपर म्हणजे निमुळते. असे बेअरिंग गाडीचे वजनही पेलते आणि वळणावर बाजूने येणारा दाबही. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. ते घोडागाडी बनवणारे होते, आणि गाडी वळताना चाकावर येणारा बाजूचा दाब हीच त्यांची अडचण होती.

एका बेअरिंगचे दोन भाग असतात. रोलर बसवलेला आतला भाग म्हणजे कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंग म्हणजे कप. दोन्ही बेअरिंगची तोंडे एकमेकांविरुद्ध असतात. म्हणून स्पिंडलवरचा नट आवळला की दोन्ही एकदम आवळली जातात आणि सैल केला की दोन्ही सैल होतात. हे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे काम समजते.

मूळ विलिज जीपला आतले आणि बाहेरचे बेअरिंग एकाच मापाचे आहे. कोनवर १८५९० आणि कपवर १८५२० असा नंबर असतो. आतले छिद्र ४१.२७५ मिमी, बाहेरचा व्यास ७३.०२५ मिमी. पण आपल्या गाडीत इतक्या वर्षांत कोणी कोणता ॲक्सल बसवला असेल ते सांगता येत नाही. त्यामुळे जुने बेअरिंग काढून, पुसून, त्यावरचा नंबर वाचूनच नवे आणावे. नामांकित कंपन्यांच्या नावाचा नकली मालही बाजारात असतो. खोका जुनाट, छपाई पुसट आणि भाव फारच कमी असेल तर दुकान बदलावे, आणि बिल घ्यावेच.

खारे पाणी आत शिरते कसे

बरेच जण म्हणतात, "हबला ऑइल सील आहे, मग पाणी जाईल कुठून?" कारण सोपे आहे. जीप पाच-दहा किलोमीटर चालून, ब्रेक मारत बंदरावर उतरते तेव्हा हब गरम असतो आणि आतली हवा फुगलेली असते. तशीच गाडी ओहोटीच्या ओल्या पुळणीत किंवा गुडघाभर पाण्यात घातली की हब एकदम थंड होतो. आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. सील जुने, कडक झालेले असेल तर काही विचारूच नका.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी ग्रीसमध्ये घुसळले गेले की ग्रीस दुधट, ताकासारखे होते आणि त्याचा वंगणपणा जातो. रोलरच्या गुळगुळीत पोलादाला बारीक खड्डे पडतात. हे नुकसान गाडी चालताना होते त्यापेक्षा उभी असताना जास्त होते, आणि आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मासळीच्या गाड्या दोन-दोन महिने माडाखाली ताडपत्री टाकून उभ्या असतात. हबमधले खारे पाणी रोलरच्या खाली एकाच जागी बसून राहते. मग बेअरिंग उघडले की कपवर रोलरच्या अंतराअंतराने उभ्या काळपट रेघा दिसतात. अशा रेघा दिसल्या की बेअरिंग हाताला कितीही चांगले लागो, ते टाकायचे.

म्हणून इथल्या गाड्यांसाठी बेअरिंग किलोमीटरवर नाही तर पंचांगावर तपासावे. मासेमारी बंद झाली की जूनच्या पहिल्या आठवड्यातच हब उघडून, धुऊन, नवे ग्रीस आणि नवे सील घालून गाडी उभी करावी. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर उघडले तर दोन महिन्यांचा गंज आधीच बसलेला असतो. उभी गाडी आठ-पंधरा दिवसांनी हातभर तरी पुढे-मागे सरकवावी, म्हणजे रोलर एकाच जागी राहत नाहीत.

दोष बेअरिंगचाच आहे का?

सरळ चांगल्या रस्त्यावर गाडी चालवावी. वेग वाढेल तसा आवाज वाढतो आणि क्लच दाबला तरी जात नाही, तर तो इंजिन-गिअरचा आवाज नाही. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर डावीकडचे बेअरिंग संशयित, डावीकडे वळताना वाढला तर उजवीकडचे. नक्षीचे जाड टायर झिजले असले तरी असाच आवाज येतो, म्हणून एवढ्यावर खर्चाला लागू नये.

चाक जॅकवर उचलावे. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. खटखट लागली की बहुतेक जण लगेच बेअरिंग आणायला जातात, आणि इथेच फसतात. जुन्या फोर बाय फोरमध्ये किंगपिनची बेअरिंगही झिजतात आणि खटखट अगदी तशीच लागते. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खेळ लागला तर स्टिअरिंगचे बॉल जॉइंटही बघावेत. या तपासणीला पाच मिनिटे लागतात.

चिऱ्यावर गाडी ठेवू नका

जीप सपाट आणि कडक जागेवर उभी करावी. अंगण मातीचे असेल तर जॅकखाली जाड फळी घालावी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागची दोन्ही चाके जमिनीवर आहेत तोवर तो धरतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. हे माहीत नसल्याने माणसे गाडीखाली सापडतात.

जॅक ॲक्सलच्या नळीखाली लावावा आणि उचलल्यावर लोखंडी स्टँड द्यावा. आपल्याकडे घर बांधून उरलेले जांभ्याचे चिरे अंगणात पडलेले असतात आणि हाताशी तेच येतात. चिरा भिंतीत शंभर वर्षे टिकतो, पण ॲक्सलचे वजन एका टोकावर आले की मधोमध दुभंगतो, तोही न सांगता. विटांचेही तेच. स्टँड नसेल तर शेजारच्या गॅरेजमधून मागून आणावा.

गाडी उचलण्याआधी चाकाचे नट थोडे ढिले करावेत. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असू शकतात. नेहमीच्या दिशेने पाइप लावून जोर लावला की स्टड तुटतो. स्टडच्या टोकावर एल अक्षर दिसले तर आटे उलटे समजावेत.

हब उघडणे

चाक काढल्यावर मधोमध पत्र्याची टोपी असते. ती काढली की ॲक्सल शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप दिसते. ती पकडीने काढावी, पण तोंड बाजूला ठेवून, कारण ती उडते. मग ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट काढून फ्लँज ओढावा. त्याच्या जागी फ्री व्हीलिंग हब बसवलेला असेल तर सुटे भाग काढलेल्या क्रमाने फडक्यावर मांडावेत. मोबाइलमध्ये प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवला तर जोडताना वाद होत नाही.

आता समोर मोठा नट येतो. त्यामागे वाकवलेला लॉक वॉशर आणि त्यामागे दुसरा नट. वॉशरचा वाकवलेला कान सरळ करून बाहेरचा नट काढायचा, मग वॉशर, मग आतला नट. यासाठी नळीसारखा खास बॉक्स पाना मिळतो. तो विकत घ्यावा. गावोगावच्या जीपमध्ये हे नट छिन्नी-हातोड्याने ठोकून फिरवलेले दिसतात. कोपरे गेलेला नट पुढे कधीच नीट सेट होत नाही आणि छिन्नीचा कपचा उडून बेअरिंगमध्ये गेला तर नवे बेअरिंग आठवड्यात संपते.

हब ओढताना बाहेरचे बेअरिंग हातात पडते, ते मातीत पडू देऊ नये. ड्रम अडकत असेल तर ब्रेकचा ॲडजस्टर ढिला करावा. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसासाठी वाईट. ओल्या फडक्याने पुसावे.

सगळे भाग डिझेलमध्ये धुवावेत. पेट्रोल वापरू नये, विशेषतः पडवीत चूल किंवा देवापुढे दिवा असताना. धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरागरा फिरवण्याची पोरांना हौस असते. ती मोडून काढावी. कोरडे फिरलेले बेअरिंग खराब होते आणि सुटलेला रोलर गोळीसारखा लागतो. रोलर निळसर झाला असेल तर ते तापलेले आहे. टवके किंवा खड्डे असतील तर आयुष्य संपलेले आहे.

कप बदलायचाच

बरेच जण नवा कोन घालतात आणि हबमधला जुना कप तसाच ठेवतात, कारण तो काढायला त्रास होतो. असे अजिबात करू नये. जुन्या कपचे खड्डे नव्या रोलरला लगेच खातात. कोन आणि कप जोडीनेच बदलायचे.

जुना कप मागून पितळी दांड्याने ठोकून काढावा. एक ठोका इकडे, एक ठोका समोरच्या बाजूला, म्हणजे तिरका अडकत नाही. नवा कप बसवताना एक युक्ती कामाला येते. कप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा आणि हब उन्हात तापू द्यावा. थंडीने कप किंचित आकसतो, उन्हाने हब किंचित फुगतो आणि कमी ठोक्यांत काम होते. फ्रीजर नसेल तर मासळीच्या बर्फाचा टप चालतो, पण खारे पाणी पिशवीत शिरता कामा नये. ठोकताना जुना कप उलटा मध्ये धरावा. लोखंडी हातोडा थेट नव्या कपवर मारू नये. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द आवाजाचा टणक होतो. तो ऐकू येईपर्यंत थांबू नये. वर राहिलेला कप गाडी चालू झाल्यावर आत सरकतो आणि सगळे सेटिंग ढिले पडते.

ग्रीस आणि सील

व्हील बेअरिंगसाठीचे, पाण्याला टिकणारे, लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे ग्रीस घ्यावे. कॅल्शियम सल्फोनेट जातीचे मिळाले तर खाऱ्या पाण्यासाठी ते अधिक चांगले. चेसीसला लावायचे स्वस्त साधे ग्रीस इथे चालत नाही, ब्रेकच्या उष्णतेने ते वितळते. जुन्यावर नवे थापू नये. दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर पातळ होऊ शकतात.

ग्रीसचा गोळा तळहातावर घ्यावा आणि कोनची रुंद बाजू त्यावर दाबत ओढावी, जोवर दुसऱ्या बाजूने रोलरच्या मधून ग्रीस वर येत नाही. मग थोडे फिरवून पुन्हा. पूर्ण गोल होईपर्यंत. वरून बोट फिरवले की झाले असे नाही. हबच्या आत कपच्या पातळीइतका थर द्यावा, पण पोकळी ठासून भरू नये. जास्तीचे ग्रीस तापून ब्रेकवर उतरते.

सील दरवेळी नवे. सीलच्या आतली बारीक स्प्रिंग असलेली बाजू ग्रीसकडे राहिली पाहिजे. बसवण्याआधी स्पिंडलवर सीलचा ओठ जिथे घासतो ती जागा नखाने तपासावी. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. नखाला खाच लागली तर नवे सीलही पाणी अडवणार नाही. ती जागा लेथवर दुरुस्त करून घ्यावी किंवा स्पिंडल बदलावा. आपल्या भागात एका वर्षात पुन्हा गेलेले बेअरिंग बघितले तर मागे ही खाचच असण्याची शक्यता मोठी.

किती आवळायचे

सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. फ्लँज बसवण्याआधी, हब मोकळा असताना सेटिंग करावे. आतला नट आवळत जावे आणि त्याच वेळी हब दोन्ही दिशांना हाताने फिरवत राहावे, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. हब जड फिरू लागला की थांबावे. मग नट साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू. आता हब सहज फिरला पाहिजे आणि आत-बाहेर हलवला तर खटखट लागता कामा नये. लॉक वॉशर घालून बाहेरचा नट घट्ट करावा आणि पुन्हा फिरवून बघावे. बाहेरचा नट आवळताना आतले सेटिंग हलते, म्हणून एक-दोनदा सगळे उलगडून पुन्हा करावे लागते. कंटाळू नये. गाडीचे मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा अंतिम. शेवटी वॉशरचा कान नटावर नीट वाकवावा.

'घट्ट असले म्हणजे बरे' ही समजूत इथे उलटी पडते. जास्त आवळलेले बेअरिंग तापून जळते. थोडे सैल असलेले आवाज करून आधी सांगते तरी.

फ्लँजखाली नवे पॅकिंग घालावे, नाहीतर खारे पाणी पुढूनही शिरते. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.

पंधरा-वीस किलोमीटर चालवून गाडी थांबवावी. हबजवळ आधी हात नुसता धरावा, मग टेकवावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल आणि दुसऱ्या बाजूचा हब थंड असेल तर जास्त आवळले गेले आहे, तिथेच थांबून ढिले करावे. ब्रेक चिकटला असेल तरीही हब तापतो, तेही बघावे. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट आणि बारा-सहाचा खेळ पुन्हा तपासावा.

पाण्यात उतरावेच लागले तर गाडी आधी दहा-पंधरा मिनिटे काठावर थंड होऊ द्यावी आणि पाणी हबच्या वर येऊ देऊ नये. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाके धुवावीत, पण प्रेशर पंपाची धार सीलवर मारू नये. हबवरून पाणी गेले असेल तर जूनची वाट न बघता त्याच आठवड्यात उघडावे.

मागच्या चाकांचे काम घरी करू नये. जुन्या जीपचा मागचा हब निमुळत्या शाफ्टवर इतका घट्ट बसलेला असतो की तो काढायला जाड पुलर लागतो. घणाने ठोकला तर शाफ्ट वाकतो किंवा हबला चीर जाते. काही गाड्यांत बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवलेले असते. ते गॅरेजवाल्यालाच द्यावे, फक्त सील आणि बेअरिंग आपल्यासमोर बदलून घ्यावे.

धुतलेले काळे डिझेल विहिरीच्या कठड्याशी किंवा खाडीत ओतू नये. डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.